अर्ध्या कोयत्याची सरपंच

सत्यशीला उंबरदरीची सरपंच झाली, त्याच वर्षी तिच्या नवऱ्याचा कोयता अर्धा झाला.

ऊसतोडीच्या कामात नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. ऊस दोघांनी तोडायचा, मोळ्या बायकोनं बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या. पण मुकादमाच्या वहीत नाव एकच, नवऱ्याचं. जोडीतलं कुणी मागं राहिलं की उरतो तो अर्धा कोयता. त्याला मग कुठून तरी दुसरा अर्धा शोधून जोडतात. सत्यशीलाच्या धर्मराजला बद्रीनाथ नावाचा एक बायको वारलेला गडी जोडून दिला. दोन अर्धे एकत्र आले, काम भागलं. पण संध्याकाळी पाचटानं शाकारलेल्या कोपीपुढं पीठ मळताना दोघंही आपापल्या बायकोची आठवण काढायचे. एक वारलेलीची आणि एक सरपंच झालेलीची.

नेकनूरच्या पुढं, बालाघाटाच्या उतारावर उंबरदरी बसलेली आहे. मुरमाड रान, कुसळं, आणि मधूनच एखादं हिरवं शेत, ज्याच्या विहिरीला पाणी लागलं त्याचं. दिवाळीच्या पणत्या विझल्या की वेशीत ट्रक येऊन उभे राहतात आणि निम्मं गाव त्यांत चढतं. मागं राहतात म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि हिरव्या शेतांचे धनी. गुढीपाडव्याला गाव पुन्हा भरतं. म्हणजे उंबरदरीच्या जागेवर वर्षातून दोन गावं नांदतात, एक पाडव्यापासून दिवाळीपर्यंतचं आणि दुसरं दिवाळीपासून पाडव्यापर्यंतचं. पहिल्या गावाची सरपंच सत्यशीला होती. दुसऱ्या गावाचे मालक होते अर्जुनराव. भांडणाचं मूळ म्हटलं तर एवढंच.

आणि गंमत अशी की तिला सरपंच केलं ते अर्जुनरावांनीच. वीस वर्षं पंचायत त्यांच्या घरातून चालत आलेली. त्या सालाला सरपंचपद राखीव सुटलं, आणि त्यांच्या घरातलं कुणीच त्यात बसेना. मग त्यांनी नाव शोधलं. गरीब घरचं, सातवी शिकलेलं, आणि वर्षातले सहा महिने गावात नसणारं. नाव तुझं, कारभार माझा. मतदान आलं ते ऐन तोडणीच्या दिवसांत. अर्जुनरावांनी कारखान्या-कारखान्याला गाड्या पाठवल्या आणि अख्खं गाव मतापुरतं उचलून आणलं. उमेदवारबाईही त्यातल्याच एका गाडीतून उतरली, हातावर पाचटाचे ओरखडे घेऊन. निवडून आली. त्याच गाडीत बसून तिला परत जायचं होतं, पण ग्रामसेवक म्हणाला, "म्याडम, आता तुम्हाला जाता येणार नाही. सह्या कोण करणार?"

धर्मराज एकटाच गाडीत चढला. सतरा वर्षांत पहिल्यांदा.

पहिलं वर्ष तिनं सह्या केल्या. कागद यायचा, ती वाचायची, आणि वाचून झाल्यावर सही करायची. वाचते हे अर्जुनरावांना खटकायचं; पण सही होत होती तोवर ते काही बोलले नाहीत. मग पाण्याच्या टाकीजवळच्या जागेचा कागद आला.

ती जागा रस्त्याला लागून होती. अर्जुनरावांना तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. सत्यशीलाच्या मनात त्या जागेवर दुसरंच काही उभं होतं. एक लांबलचक खोली. आई-बाप उसाला गेलेल्या पोरांनी तिथं दोन वेळा जेवावं, अभ्यास करावा, एका छपराखाली निजावं. हे तिच्या मनात कुठून आलं, ते ती कुणाला सांगत नसे. तिची राजनंदिनी सहा वर्षांची असताना ती तिला शेजारणीपाशी ठेवून उसाला गेली होती. पाडव्याला परत आली, तर पोर शेजारणीच्या पदराआड दडली आणि हळूच विचारती झाली, "ही बाई किती दिवस राहणार?"

सत्यशीलानं गाळ्यांच्या कागदावर पेन ठेवला, आणि उचलून घेतला.

त्या दिवसापासून पंचायत अडकली. ती गाळ्यांवर सही करीना, आणि सदस्य तिचा एकही ठराव पास होऊ देईनात. सभेची नोटीस निघायची. सत्यशीला इस्त्रीचं लुगडं नेसून खुर्चीवर जाऊन बसायची. नऊ सदस्यांपैकी मंगल नावाची एक बाई तेवढी यायची. घड्याळात अर्धा तास सरला की ग्रामसेवक प्रविण वहीत लिहायचा, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अकरा महिने त्यानं हे एकच वाक्य लिहिलं. शेवटी शेवटी तर तो घरूनच लिहून आणायचा.

आणि दोन वर्षं भरली. निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही. ती भरली त्याच आठवड्यात आठ जणांच्या सह्यांची नोटीस तहसीलला गेली. तहसीलदारांनी सभा घेतली. त्या सभेला सगळे आले. वर्षभरात पहिल्यांदाच पंचायतीच्या साऱ्या खुर्च्या भरलेल्या पाहून सत्यशीलाला क्षणभर बरंच वाटलं. मग आठ हात वर झाले.

तरी तेवढ्यानं खुर्ची जात नव्हती. सरपंच थेट गावानं निवडलेली; तिला काढायचं तर ठराव गावापुढं ठेवावा लागतो, आणि गावानं गुप्त मतदान करायचं असतं. तारीख पडली ती पौषातली.

त्या दिवशी तिचे सासरे आश्रुबा ओट्यावर रेडिओ कानाला लावून बसले होते. डोळ्यांनी कमी झाल्यापासून म्हाताऱ्याचं सगळं जग त्या रेडिओत होतं.

"सूनबाई," ते म्हणाले, "तुझ्यावानीच एक जण अडकलाय बघ."

"कोण, मामा?"

"पंतप्रधान हाय कुठल्याशा मुलखाचा. नाव काय घेता येईना, जीभच वळंना. सभा त्याचं कायबी मंजूर करीना, अन् त्यो खुर्ची सोडीना."

"मग काय करतो?"

"काय करंल? रोज कापडं घालून जाऊन बसत आसंल, तुझ्यावानी."

ती हसली. तेवढ्यात प्रविण आला. चांगला पोरगा होता, पण दोन्ही बाजूंना भिणारा. चप्पल काढून ओट्याच्या कडेला बसला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "म्याडम, अजून वेळ गेली नाही. सभेच्या आधी राजीनामा दिला तर अविश्वासाचा डाग लागत नाही."

"दुसरं काय करता येतं?"

प्रविणनं अर्जुनरावांच्या माडीकडं पाहिलं. "गाळ्यांवर सही. ते नोटीस मागं घेतील का माहीत नाही, पण सभेत त्यांची माणसं गप्प बसतील."

"आणि?"

"जिल्ह्याला अर्ज करून तारीख ढकलता येईल."

"पाडव्यापर्यंत ढकलंल?"

"नाही हो. फार तर आठ दिवस."

"मंजे नवरदेवाला आठ दिस ताटकळत ठिवायचं," आश्रुबा म्हणाले. "नवरी काय बदलत न्हाई."

प्रविण हसला नाही. "नाहीतर मग सरळ गावापुढं जायचं. तुम्हाला गावानं निवडलंय, ठेवायचं का काढायचं ते गाव ठरवील."

"गाव?" सत्यशीला म्हणाली. "माझं गाव हाय कुठं हितं?"

तिला मतं पडली होती ती ट्रकमधून आलेल्यांची. ते सगळं गाव आता तीनशे किलोमीटरवर, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या उसात उभं होतं. पौष महिना अर्जुनरावांनी उगाच निवडला नव्हता. त्या साली गाड्या पाठवल्या होत्या त्यांनी. औंदा पाठवणार नव्हते, एवढाच त्यांचा डाव.

आश्रुबांनी रेडिओ बंद केला. "त्या पंतप्रधानाचं बरं हाय," ते म्हणाले. "सभा ऐकंना तर सभाच मोडायची, अन् लोकांकडं जायाचं, आसं सांगत व्हते."

"त्याचे लोक घरी आसतील, मामा."

"घरी नसले तर?"

सत्यशीला आत गेली. जरा वेळानं तिनं आतूनच विचारलं, "प्रविणभाऊ, बीडची पहिली गाडी किती वाजता लागती?"

ती निघणार हे अर्जुनरावांना कळलं, आणि ते स्वतः घरी आले. बाजेवर बसले, चहा घेतला, आश्रुबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. मग म्हणाले, "पोरी, तुला ह्या खुर्चीवर आणली कुणी?"

"तुमीच, तात्या."

"मग आता कावून आडवी चाललीस?"

"आडवी कुठं? तुमी मला बसवलं, मी बसलेय. उठ म्हणाया तुमीच लागलात."

अर्जुनराव हसले. त्यांना उलटं बोलणारी माणसं आवडत, फक्त ती आपल्या बाजूची असावी लागत. "हे बघ," ते म्हणाले, "सही कर. टाकीवर पाणी सोडायला माणूस पायजे हाय गावाला. तुझ्या धर्मराजला लावतो. बारा महिने घरी राहील. उसाचं तोंड पुन्यांदा बघायचं न्हाई." आणि उठता उठता सहज बोलल्यासारखं म्हणाले, "दोन वरीस झाले की. किती दिस आसं राहायचं माणसानं?"

ते गेल्यावर सत्यशीला कितीतरी वेळ त्यांच्या रिकाम्या कपाकडं बघत बसली. पुढारी माणसाला काय कळत नाही असं आपण म्हणतो. पण कुणाचं काय दुखतं, ते त्याला बरोबर कळतं.

ती पोचली तेव्हा उन्हं कलली होती. एसटीतून उतरून दोन कोस चालल्यावर फड दिसला. अर्धा तोडलेला, अर्धा उभा. वाऱ्यानं उसाची पाती सळसळत होती, आणि तो आवाज कानावर पडताच तिच्या पायांची गती आपोआप वाढली. माहेरची वेस दिसल्यावर वाढते तशी.

धर्मराज समोरून येत होता. डोक्यावर मोळी होती. सतरा वर्षं ते ओझं तिच्या डोक्यावर होतं. त्याची मान त्याला सरावलेली नव्हती, म्हणून तो जरा वाकडा चालत होता. त्यानं तिला पाहिलं. थांबला नाही. फळीवरून वर गेला, मोळी गाडीत टाकली, खाली उतरला, डोक्यावरची चुंबळ काढून हातात घेतली आणि म्हणाला, "जेवलीस का?"

"न्हाई."

"चल."

एवढंच. पण त्याच्या मानेला झालेला वळ तिला दिसला.

सकाळी तिनं कुणाला न विचारता बद्रीनाथच्या हातचा कोयता घेतला आणि धर्मराजच्या शेजारची सरी धरली. बद्रीनाथ मोळ्या बांधायला लागला. बाया हसायला लागल्या. त्यांच्यात विमलबाई म्हणून एक जुनी जोडीदारीण होती, ती ओरडली, "सरपंचीणबाई, फोटो काढून झाला की कोयता ठिवा बरं खाली! हाताला लागंल!"

"तू बांध गं गुमान," सत्यशीला म्हणाली. "तुला उरकायचं न्हाई इतकं तोडते."

"आता सही करून ऊस पडत न्हाई बाई!"

पण ऊस पडत होता. बुडाशी एक घाव, शेंड्याला एक, पाला झाडून मागं. अंग विसरलं नव्हतं. धर्मराजचा घाव आणि तिचा घाव पहिल्यासारखे एकाआड एक पडायला लागले, आणि मग काही बोलायची गरजच उरली नाही. दव ओसरलं. पाठ भिजली. दोन वर्षं खुर्चीत बसून तिची जी पाठ दुखत होती, ती इथं वाकल्यावर दुखायची थांबली. कुठल्या सभेत नाही, कुठल्या सत्कारात नाही, त्या सरीत तिला आपण पुरी झाल्यासारखं वाटलं. एक पुरा कोयता.

न्याहारीला सगळे जमले तेव्हा तिनं बोलून टाकलं. मत कधी आहे, कसं आहे. "एका दिसाचं काम हाय. आलात तर खोली व्हईल. न्हाई आलात तर गाळे."

मुकादम उत्तरेश्वर तिथंच उभा होता. तोही उंबरदरीचाच. वाईट माणूस नव्हता. त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, लबाड बोलत न्हाई. अर्जुनराव मालकाचा फोन आलता. एक गडी सोडू नको म्हनले. मी शब्द दिलाय. पुढल्या साली टोळी मला त्यांच्याच वळखीवर मिळायचीय."

गडी खाली बघत भाकरी मोडत राहिले. त्यांना तिच्याकडं बघवेना. तिनंही कुणाला भरीस घातलं नाही.

बाभळीच्या सावलीला धर्मराजपाशी बसून तिनं पाणी सोडायच्या नोकरीचंही सांगितलं. तो ऐकत राहिला.

"बारा महिने?"

"बारा महिने."

त्यानं मातीतली एक कांडी उचलून दूर फेकली. "ब्येस हाय की," तो म्हणाला. आणि हात झटकत, "फकस्त रोज त्या गाळ्यांच्या म्होरून जाऊन मला पाणी सोडावं लागंल. तेवढंच."

"मग सही नको करू?"

"मी कुठं म्हनलो? सरपंच तू हायस." मग तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "हरलीस तर यी निघून. जागा मोकळीच हाय."

दुपारच्या गाडीत ती बसली. खिडकीतून उसाचे फड मागं पडत गेले, आणि तिला आपला मार्ग एकदम स्वच्छ दिसला. सही करायची नाही. राजीनामा द्यायचा नाही. सभेपुढं जायचं आणि हरायचं. इमानानं हरायचं. त्यात खोटं काही नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं त्या सरीत जाऊन उभं राहता येणार होतं. निवडून आलेलं माणूस हरायची इतकी वाट बघतं, हे तिला स्वतःलाच नवल वाटलं. पण ती वाट बघायला लागली. दिवस मोजायला लागली.

गावात आल्यावर तिनं मंगलला विचारून ठेवलं, "राजनंदिनी राहील का गं तुझ्यापाशी, पाडव्यापर्यंत?" मंगल हो म्हणाली. राजनंदिनी आता नववीत होती. तिनं वहीतून मान वर केली, आईकडं पाहिलं, आणि "बरं" म्हणून पुन्हा वहीत घातली. त्या एका शब्दानंतर सत्यशीलाला दोन रात्री झोप लागली नाही. पण बेत बदलला नाही.

मतदान शाळेच्या पटांगणात होतं. साहेब आले, पेटी मांडली, चिठ्ठ्या मांडल्या. चिठ्ठीवर दोन खाने, ठरावाच्या बाजूनं आणि ठरावाच्या विरोधात. शिक्का मारायला वर्गाच्या कोपऱ्यात पडदा लावला होता. अर्जुनरावांची माणसं सकाळीच आंघोळी करून रांगेत लागली. म्हाताऱ्या-कोताऱ्यांना काहींनी मोटारसायकलवर बसवून आणलं. आश्रुबाही काठी टेकत आले. पडद्याआड जाऊन आले आणि मोठ्यानं म्हणाले, "गुप्त हाय म्हणत्यात, म्हणून सांगत न्हाई. पण सून माझीच हाय!" सगळं पटांगण हसलं, अर्जुनरावही हसले.

साडेअकराच्या सुमाराला वेशीकडून धुरळा उठला.

दोन आयशर ट्रक होते. शाळेपुढं येऊन थांबले, मागच्या फळ्या पडल्या, आणि बाया उतरायला लागल्या. पदर खोचलेल्या, रात्रभर उभ्यानं आलेल्या, केसांत अजून पाचटाचा चुरा अडकलेला. एक उतरली, दहा उतरल्या, पन्नास उतरल्या. विमलबाई पहिल्या गाडीच्या टपावरच बसून आली होती. खाली उडी मारून तिनं विचारलं, "लाईन कुठली गं बायांची?"

अर्जुनराव उठून उभे राहिले. खिशातून फोन काढून जरा बाजूला गेले. पण रागात त्यांचा आवाज लहान होत नसे.

"काय सांगितलं व्हतं बे तुला? एक गडी सोडू नको म्हनलो व्हतो न्हाई का?"

पलीकडून उत्तरेश्वर काय बोलला ते शेजारच्यांनाही ऐकू आलं. "गडी एकबी सोडला न्हाई मालक! वहीतलं नाव न् नाव फडात हाय! तुमी येऊन मोजा!"

खरंच होतं ते. वहीत बायांची नावं कधी नव्हतीच. नवऱ्याशिवाय बाई तीनशे किलोमीटर येईल, तीही मत द्यायला, हे अर्जुनरावांच्या ध्यानात आलं नाही, मुकादमाच्याही आलं नाही. काम थांबलं असतं तर मुकादमानं अडवलं असतं. पण काम थांबलेलंच नव्हतं.

सत्यशीला गाडीपाशी जाऊन उभी राहिली होती. शेवटची बाई उतरली. ड्रायव्हरनं फळी लावून टाकली. तरी ती आत बघत राहिली.

"कुणाला बघती?" विमलबाई म्हणाली. तिच्या आवाजात आता चेष्टा नव्हती. "गडी न्हाईत आले. आमच्या वाटणीच्या मोळ्याबी आज त्येच वाहणार हायत."

"कुणी ठरवलं हे?"

"तुझ्याच माणसानं. भाकरी खाताना म्हनला, मुकादमानं गड्यांचा शब्द दिलाय, बायांचा कुठं दिलाय. मग काय, दोन दिस ह्या टोळीतून त्या टोळीत हिंडला."

"आन् त्ये सवता?"

"त्यो आला आस्ता तर गडी सुटला आस्ता की गं," विमलबाई म्हणाली.

सत्यशीला रांगेत लागली. सरपंचालाही एक मत असतं. तिचा नंबर आला तेव्हा तिनं चिठ्ठी घेतली आणि पडद्याआड गेली.

तिथं कुणीच नव्हतं. फळ्यावर कुणा मास्तरांनी लिहिलेला सुविचार अर्धा पुसलेला होता. एका खान्यावर शिक्का मारला तर उद्याची पहिली गाडी होती, ती सरी होती, तो वाकडा चालणारा माणूस होता. एका मतानं फरक पडेल न पडेल; पण आपल्याला काय हवं, ते निदान एका कागदाला तरी खरं सांगता आलं असतं. तिचा हात त्या खान्यावर गेलाही. तेवढ्यात बाहेरून साहेबांचा आवाज आला, "बाई, अंगठा का सही?" आणि विमलबाईचं उत्तर, "सही. लई दूरनं आलेय साहेब, सहीच करू द्या."

सत्यशीलाचा हात मागं आला. मग तिनं दुसऱ्या खान्यावर शिक्का मारला, चिठ्ठीची घडी घातली, आणि पदरानं तोंड पुसून बाहेर आली.

मोजणी व्हायला तीन वाजले. ठरावाच्या बाजूनं दोनशे एक्याऐंशी. विरोधात तीनशे बारा. ठराव पडला.

बाया निकालाला थांबल्या नव्हत्या. मत टाकलं की ज्या त्या आपापल्या घराकडं धावल्या होत्या. कुणी पोराला न्हाऊ घातलं, कुणी वेण्या घातल्या, कुणी सासूचं अंथरूण झटकून दिलं, कुणी चार भाकरी थापून टोपल्यात झाकून ठेवल्या. चार वाजता आयशरचे भोंगे वाजले आणि जशा आल्या तशा परत चढल्या. त्या वेळची रड गावभर ऐकू येत होती. विमलबाईचा नातू गाडीच्या फळीला लोंबकळला. त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती सत्यशीलानं सोडवली.

"लवकर बांध गं ती खोली," विमलबाई वरून म्हणाली, आणि तोंड फिरवून बसली.

धुरळा खाली बसल्यावर अर्जुनराव शाळेच्या पायरीपाशी आले. दमल्यासारखे दिसत होते. "घे," ते म्हणाले, "ठराव पडला मंजे आता दोन वरीस मला कायबी करता यायचं न्हाई."

"करायचं हाय की, तात्या. सोमवारी सभा लावलीय. या. कोरम भरंना तुमच्याशिवाय."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि वळून माडीकडं निघाले. येतील का नाही, ते चालण्यावरून कळत नव्हतं.

घरी आल्यावर सत्यशीलानं फोन लावला. उन्हं माडीवरून उतरून अंगणाच्या टोकाला गेली होती. बराच वेळ रिंग वाजली. मग त्यानं उचलला. धापा टाकत होता.

"पडला ठराव," ती म्हणाली.

"कळलं. फोन आलता विमलबाईचा गाडीतून."

"मान दुखती का?"

"दुखती. सगळ्या बायांचं वाहिलं आज." तो हसला असावा. "तुमी बाया कसं करता गं हे?"

ते सोडून तिनं विचारलं, "पाडव्याला येताल ना?"

"न्हाई जमायचं. ऊस लई हाय औंदा. कारखाना पाडव्याच्या म्होरं महिनाभर चालंल म्हणत्यात."

"आसं का," ती म्हणाली. "बरं."

पलीकडं कुणीतरी त्याला हाक मारली. गाडी लागली होती.

"जावा," ती म्हणाली. "बोलवायलेत."

त्यानं "हां" म्हटलं, पण फोन बंद केला नाही. तसाच खिशात टाकला असावा. तिला पाती सळसळल्याचं ऐकू आलं, बद्रीनाथचं काहीतरी बोलणं, मग जड पावलं, त्याचा श्वास, फळीचा करकर आवाज. मोळी गाडीत पडली. पुन्हा पावलं. सत्यशीला अंगणात उभी राहून फोन कानाला लावून ऐकत राहिली. आतून राजनंदिनीनं विचारलं, "आई, कुणाशी बोलतीस?" तिनं हातानंच थांब म्हणून खुणावलं, आणि ऐकत राहिली.